मुलांचे दात किडू नयेत म्हणून घरी रोज काय करावं? (कमी खर्चात)

शेवंती

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीत राहते. नवरा यंत्रमागावर, पाळी बदलती. मी घरी शिलाई करते. दोन मुलं, मोठी नऊ वर्षांची आणि धाकटा साडेचारचा.

गेल्या आठवड्यात धाकट्याची दाढ रात्रभर ठणकली. लवंगेचं तेल कापसावर घेऊन लावलं, तासभर बरं वाटलं, परत रड सुरू. सकाळी दवाखान्यात नेलं. पाच दात किडलेत म्हणाले. वरचे पुढचे दोन आणि खालच्या तीन दाढा. दोन दाढांना रूट कॅनाल आणि कॅप, बाकीच्यांत सिमेंट, सगळे मिळून अठरा हजार. ऐकून मी काहीच बोलले नाही, पोराला घेऊन घरी आले.

सासूबाई म्हणतात दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत, कशाला पैसे घालायचे. मला ते पटत नाही, पण उलट काय सांगायचं तेही कळत नाही. रोज सकाळी ब्रश करतो तो. गोडही फार देत नाही असं मला वाटत होतं.

मोठीच्या दाढेच्या खाचेतही काळं दिसायला लागलंय. जे किडलंय त्याचं बघू, पण जे चांगले आहेत ते वाचवायला घरात रोज नेमकं काय करू? महागडं सांगू नका, खरंच जमणार नाही.

---

निळाई

माझ्या भाचीचं अगदी असंच झालं होतं. मलाही हवंय हे, वाचत राहते.

---

पाटीलवाडा

ताई, आमच्याकडे सगळ्यांचे दुधाचे दात किडके होते, पडून गेले, नवे चांगले आले. फार मनाला लावून घेऊ नका.

---

निवृत्त_दंतवैद्य

शेवंतीताई, मी ३१ वर्षं दात बघितले, त्यातली निम्मी तालुक्याच्या गावात. तुमच्यासारख्या आया रोज यायच्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सासूबाईंचा मुद्दा, आणि पाटीलवाडा यांचाही. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, ते खरं. दुधाच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. तुमच्या मुलाला याच दाढांवर अजून पाच-सहा वर्षं जेवायचंय. मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारची दाढ पुढे सरकते, मग पक्क्या दाताला जागा उरत नाही आणि तो वाकडा येतो. दुधाच्या दाढा पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात, असं सांगा सासूबाईंना.

आता कीड. आपण ‘कीड’ म्हणतो म्हणून लोकांना अळी वाटते. अळी नसते. दातावर जंतूंचा चिकट थर बसतो. आपण साखर खाल्ली की ते जंतूही ती खातात आणि आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आम्लपणा मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कठीण आवरणातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडायला लागतं. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते आणि गेलेले क्षार थोडे थोडे परत दातात भरते. याला अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात पुन्हा काही गोड किंवा चिकट तोंडात गेलं की घड्याळ पहिल्यापासून सुरू.

म्हणून किती साखर खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं. जेवणात दोन जिलब्या खाणारं मूल आणि एकच गोळी तासभर गालात धरणारं मूल, यांत दुसऱ्याचे दात आधी जातात.

माझी एक विनंती. दोन दिवस, धाकट्याच्या तोंडात पाणी सोडून काय काय आणि किती वाजता गेलं, ते कागदावर लिहा. कुणाला दोष देण्यासाठी नाही. मग पुढचं सांगतो.

---

शेवंती

लिहिलं डॉक्टर. कालचं देते:

७ वाजता चहा-बिस्किट. साडेआठला पोहे. ११ ला पाच रुपयांचा क्रीमच्या बिस्किटाचा पुडा. १ ला जेवण. ३ ला आजीबरोबर चहा आणि खारी. साडेचारला शेजारच्या दुकानातून चिक्की. ६ ला कुरमुरे. साडेआठला जेवण. १० ला झोपताना साखर घालून दूध. दूध आता पेल्याने पितो, पण चार वर्षांचा होईपर्यंत बाटलीनेच प्यायचा आणि बाटली तोंडात धरूनच झोपायचा.

नऊ वेळा झालं. गोड फार देत नाही असं मी इथेच लिहिलं होतं. कागद बघून खूप वाईट वाटलं.

---

निवृत्त_दंतवैद्य

ताई, वाईट वाटून घेऊ नका. हा कागद महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरातला आहे. वरचे पुढचे दोन दात का गेले ते यात दिसतं. बाटली धरून झोपलं की दूध वरच्या पटाशीच्या दातांभोवती साचतं. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणजे धुऊन न्यायला कुणी नाही. रात्रभर तेच.

क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट सगळ्यांत मोठी.

रात्री झोपण्याआधी ब्रश, आणि त्यानंतर फक्त पाणी. सकाळचा ब्रश आपल्याकडे अंगवळणी पडलाय, रात्रीचा नाही. दोन्हींतला एकच जमणार असेल तर मी रात्रीचा धरा म्हणेन. दूध जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच द्या, त्यातली साखर आठवड्याला थोडी थोडी कमी करा, दोन-तीन आठवड्यांत मूल बिनसाखरेचं पितं. मग ब्रश, मग झोप.

पेस्ट फ्लोराइडची घ्या. डब्यामागचे घटक वाचा. ‘सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट’ किंवा ‘सोडियम फ्लोराइड’ लिहिलेलं असतं, आणि शेजारी पीपीएम, म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत फ्लोराइडचे किती भाग. १००० च्या आसपास हवं. आपल्याकडे साध्या, स्वस्त पेस्टमध्येही ते असतं. चमक, थंडावा, कोळसा, मीठ यांचे जास्त पैसे देऊ नका. फ्लोराइड दातात शिरून त्याला आम्लापुढे टिकाव धरायला मदत करतं आणि विरघळायला लागलेला भाग पुन्हा कठीण करतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

किती घ्यायची? तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी. तीन ते सहा, मटाराच्या दाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तसा ब्रशभर लांब पट्टा मोठ्यांनाही लागत नाही.

घासून झालं की फेस थुंकायचा, पण खळाखळा चूळ भरायची नाही. हे ऐकून सगळ्यांना विचित्र वाटतं. आपण दोन मिनिटं दाताला औषध लावतो आणि तांब्याभर पाण्याने धुऊन टाकतो. थुंकून टाका, तोंड बाहेरून पुसा, पुरे.

आणि सात-आठ वर्षांचा होईपर्यंत ब्रश तुम्ही करा. त्याला आधी करू द्या हौसेने, मग तुम्ही. बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येईपर्यंत मुलाचा हात दाढेच्या मागच्या बाजूला पोचत नाही.

---

अंगणवाडीची_बाई

डॉक्टरांच्या शेवटच्या मुद्द्यावर माझा अनुभव. साडेचारचं पोर तोंड उघडत नाही, हात झटकतं. समोर उभं राहून ब्रश करू नका. जमिनीवर पाय पसरून बसा, त्याचं डोकं आपल्या मांडीवर, तोंड वर. डाव्या हाताने ओठ आणि गाल बाजूला धरायचा, उजव्या हातात ब्रश. सगळं दिसतं. एक ते दहा अंक प्रत्येक बाजूला मोजायचे, त्याला कळतं की संपणार आहे. पहिले चार-पाच दिवस रडतं, मग येतं आपणहून मांडीवर.

मी पालकसभेत आयांना ओठ उचलून बघायला शिकवते. महिन्यातून एकदा उजेडात बसवून वरचा ओठ उचला. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते. काळं व्हायच्या आधीची. त्या टप्प्यावर पेस्ट आणि खाण्याच्या वेळा सांभाळल्या तर ती थांबते, असं आमच्याकडे तपासणीला येणारे डॉक्टर सांगतात. आम्ही सगळे काळं पडायची वाट बघत बसतो.

आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, २०१३ पासून सुरू आहे. ० ते १८ वयाची मुलं बघतात, त्यात दातही असतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. दात दाखवा, पुढे सरकारी रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी मागा.

अजून एक. एका घरात तीन भावंडांत एक ब्रश मी डोळ्यांनी बघितलाय. प्रत्येकाला वेगळा ब्रश हवा. दुसरं काही महाग घेऊ नका, पण हा खर्च करा.

---

सुगंधी_कट्टा

फ्लोराइडचं एवढं कौतुक करू नका. ते विष आहे. आमची आजी राखुंडी आणि बाभळीच्या काडीवर ऐंशी वर्षं जगली, एक दात हलला नाही. ही पेस्टची सवय कंपन्यांनी लावली.

---

निवृत्त_दंतवैद्य

तुमच्या आजीचे दात चांगले राहिले याचा मला आनंदच आहे. पण आजीच्या ताटात काय होतं तेही बघा. दोन वेळची भाकरी, साखर सणाला, चहा असलाच तर एकदा. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा नव्हता. काडी चावून दातावरचा थर निघतो, हे मान्य. काडीत फ्लोराइड नसतं, आणि आजच्या नऊ वेळांच्या खाण्यापुढे ती एकटी पुरत नाही. काडी आवडत असेल तर सकाळी काडी, रात्री पेस्ट. माझी हरकत नाही. राख, विटेची पूड, जाडं मीठ, कोळसा मात्र नको. त्याने दात पांढरा दिसतो कारण आवरण घासलं जातं, आणि गेलेलं आवरण परत येत नाही.

जास्त फ्लोराइड वाईट, हेही खरं आहे. यावर त्या भागातल्या कुणी लिहिलं तर बरं.

---

केळापूरकर

मी लिहितो. यवतमाळ जिल्हा. आमच्याकडे, चंद्रपूरकडे, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. माझ्या स्वतःच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. शाळेत असताना मी तोंडावर हात ठेवून हसायचो. ज्यांनी वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं त्यांची हाडंसुद्धा आखडतात, आमच्या गावात पाठ सरळ न होणारी माणसं मी पाहिलीत. त्यामुळे फ्लोराइड शब्द ऐकला की माझ्याही पोटात गोळा येतो.

पण मुलगी झाल्यावर मी नीट हिशोब केला, तो इथे देतो. पाण्यातल्या फ्लोराइडची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. आमच्या जुन्या बोअरचा अहवाल ३ च्या वर होता. लहान मूल दिवसाला लिटरभर पाणी प्यायलं तरी ३ मिलिग्रॅम पोटात गेलं, रोज. १००० पीपीएमच्या पेस्टच्या एका ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम असतं. मटाराएवढी पेस्ट म्हणजे साधारण पाव ग्रॅम. म्हणजे सगळी गिळली तरी पाव मिलिग्रॅम, आणि थुंकली तर त्याहून कमी. आमचा त्रास पाण्यातून आला, ब्रशमधून नाही.

आमच्या भागातल्यांना सांगणं एवढंच. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून घ्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्यामुळे वाढतं. पाण्यातून फ्लोराइड काढायला तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत आहे, ती नागपूरच्या नीरी संस्थेने काढली. काही गावांत गाळण संच बसलेत, आम्ही आता नळाचं पाणी आणतो. दातांवर डाग पडायची भीती आठ वर्षांपर्यंतच असते, कारण तोवर पक्के दात आत तयार होत असतात. म्हणून लहान मुलांचं प्यायचं पाणी आधी बदला.

---

निवृत्त_दंतवैद्य

केळापूरकर, हिशोब बरोबर आहे. तुमच्या भागात सहा वर्षांखालच्या मुलांना कोणती पेस्ट, ते पाण्याचा अहवाल दाखवून तिथल्या दंतवैद्याशी बोलून ठरवावं. इचलकरंजीत शेवंतीताईंनी नेहमीची पेस्ट खुशाल वापरावी, दाण्याएवढी.

---

रात्रपाळी

मी कारखान्यात रात्रपाळीला असतो. वय ३६. झोप येऊ नये म्हणून रात्री सात-आठ कप चहा, साखरेचा. वेळांचा मुद्दा वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. माझ्या चार दाढा सिमेंटच्या आहेत आणि दर वर्षी एक नवी किडते. मी दोन वेळा ब्रश करतो तरी. चहा सोडता येणार नाही. काय करू?

---

निवृत्त_दंतवैद्य

चहा सोडू नका, साखर सोडा. ते जमत नसेल तर आठ कप घोट-घोट रात्रभर पिण्याऐवजी तीन वेळा बसून प्या आणि संपवा. प्रत्येक चहानंतर पाण्याने तोंड खळखळून टाका. डब्यात भाजलेले शेंगदाणे, फुटाणे ठेवा, बिस्किटं नकोत. आणि तुमची ‘रात्र’ सकाळी आहे. पाळीवरून आल्यावर झोपण्याआधीचा ब्रश तुमच्यासाठी महत्त्वाचा.

---

निळाई

गूळ आणि मध चालतो ना? आम्ही साखर बंद करून सगळं गुळाचं केलंय.

---

निवृत्त_दंतवैद्य

जंतूंना साखर, गूळ, मध, काकवी सगळं सारखंच. गूळ दाताला चिकटून राहतो हे वेगळंच. चोखणीला मध लावून बाळाला देण्याची पद्धत तर पूर्ण बंद करा. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचाच नसतो, दातांशिवाय इतर कारणांनीही. गोड खायचं तर जेवणाबरोबर खा. पुरणपोळी जेवणात खाल्ली, संपली. चिक्की दुपारभर खिशात ठेवून खाल्ली की चार-पाच वेळा झाली.

---

आजीची_नात

मी साताऱ्याकडची. मशेरीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय, कारण आमच्या घरातल्या बायका ‘दात घासते’ म्हणून मशेरीच लावतात. तंबाखू तव्यावर भाजून केलेली पूड. आई, आजी, दोन्ही काकू. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, संध्याकाळी परत. अर्धा-अर्धा तास तोंडात. दाढदुखीवर सुरू केलेली, मग सुटलीच नाही. आजीच्या हिरड्या खाली गेल्या, दातांची मुळं उघडी पडली आणि तिथेच किडली. आईच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला तेव्हा आम्ही सगळे घाबरलो. तपासणीत कॅन्सर निघाला नाही, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तोंडाचा कॅन्सर असाच सुरू होतो.

दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. पण मशेरी घरात भाजतात, तिला कुठला कायदा अडवणार? आईने एकदम नाही सोडली. आधी दुपारची सोडली, त्या वेळेला बडीशेप. मग संध्याकाळची. सकाळची सुटायला पाच महिने लागले. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११२-३५६. तिथल्या बाईंशी आई तीनदा बोलली, तिला त्याचा आधार वाटला. शेवंतीताई, तुमच्या सासूबाई लावत असतील तर मुलांच्या हाताला तो डबा लागू देऊ नका. माझ्या मावसबहिणीने आठव्या वर्षी आजीचं बघून सुरू केली होती.

---

शेवंती

सासूबाई लावायच्या, आता बंद आहे. तुमची पोस्ट त्यांना वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होत्या.

एक विचारायचं राहिलं. आमच्या आठवडी बाजारात एक बाई कानाजवळ धुरी देऊन दातातले किडे काढते, शेजारणीने तिच्याकडे न्यायला सांगितलंय. आणि अठरा हजारांचं काय करू?

---

निवृत्त_दंतवैद्य

नेऊ नका. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धुरी देतात आणि पांढरे बारीक ‘किडे’ दाखवतात. ते दातातून आलेले नसतात. मुलाला थोडं बरं वाटलं तरी कीड आत चालूच राहते आणि तुमचे महिने वाया जातात.

खर्चाचं: उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात दंतविभाग आहे का ते आधी बघा. शासकीय दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, ती तुम्हाला लांब. पण सांगली-कोल्हापूर भागात खासगी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पैसे बरेच कमी. बालदंत विभाग विचारा. ज्या दाढांत दुखणं नाही, फक्त कीड आहे, तिथे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध लावून कीड थांबवता येते का, तेही विचारा. ते लावलेला भाग कायमचा काळा पडतो, पण भूल नाही, मशीन नाही. दुखणारी दाढ मात्र थांबवून ठेवू नका. चेहरा सुजला किंवा ताप आला तर त्याच दिवशी न्या.

मोठीची काळी दिसणारी दाढ कुठली ते बघा. सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक पक्की दाढ गुपचूप येते. काही पडत नाही म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. ती आयुष्यभराची आहे. तिच्या खाचा खोल असतात, ब्रशचे केस आत जात नाहीत. नुसता डाग असेल तर खाचा सीलंटने, म्हणजे वरून पातळ थर लावून, बंद करतात, कीड असेल तर भरतात. तिला धाकट्याबरोबरच दाखवून घ्या.

---

अंगणवाडीची_बाई

शेवंतीताई, महिन्याचा खर्च मी आमच्या सभेत मांडते तो असा. दोन मोठे, दोन मुलं. मोठ्यांना दिवसाला १-१ ग्रॅम, मुलांना अर्धा-अर्धा. दिवसाला ३ ग्रॅम, महिन्याला ९० ग्रॅम. आमच्याकडे साधी १०० ग्रॅमची पेस्ट साठ रुपयांच्या आसपास मिळते. मऊ केसांचे चार ब्रश वीस-वीस रुपयांचे, तीन महिन्यांनी बदलायचे. महिन्याला सगळं मिळून ८० रुपयांच्या आसपास होतं. रोजचा एक बिस्किटाचा पुडा बंद केला की त्याचेच महिन्याला दीडशे वाचतात.

---

शेवंती

चार महिन्यांनी लिहितेय, उशीर झाला.

सांगलीला दंत महाविद्यालयात नेलं. सहा खेपा झाल्या, दर वेळी शिलाईचा दिवस बुडाला. दुखणारी दाढ आणि तिच्या शेजारची, दोन्हींचं आतलं काम करून स्टीलची टोपी बसवली. तिसऱ्या दाढेला आणि पुढच्या दोन दातांना ते काळं करणारं औषध लावलं. हसला की दोन काळे दात दिसतात. सासूबाईंना आवडलं नाही, पण तो रात्री झोपतो. औषध, टोप्या, येणं-जाणं धरून साडेचार हजारांत झालं.

मोठीची तीच सहाव्या वर्षीची दाढ होती. एका बाजूला कीड होती ती भरली, बाकी तीन दाढांच्या खाचा बंद केल्या.

घरात: अकराचा पुडा बंद. चिक्की जेवणाच्या ताटात वाढते. तीनच्या चहाला आजी त्याला आता नुसती चपाती देतात, आणि हे त्यांनी स्वतः सुरू केलं. दूध जेवताना, साखरेशिवाय. रात्री साडेनऊला दोघंही मांडीवर डोकं टाकायला येतात. मोठी नऊ वर्षांची आहे, तिला गरज नाही, तरी येते. नवऱ्याची रात्रपाळी असते तेव्हा तो सकाळी आल्यावर करतो, रात्रपाळी यांची पोस्ट त्याला दाखवली होती.

मागच्या खेपेला खालच्या सुळ्यांवर हिरडीलगत पांढऱ्या रेघा होत्या त्या आता चकचकीत आणि कडक झाल्यात, वाढलेल्या नाहीत, असं तिथल्या बाई म्हणाल्या. नवीन कीड एकही नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. डॉक्टर, चूळ न भरायची सवय अजून मलाच लागत नाहीये, मुलं मला आठवण करतात.

---

निवृत्त_दंतवैद्य

ताई, फार बरं वाटलं वाचून. दिवाळीनंतर नेताना धाकट्याच्या मागच्या दाढांकडे लक्ष द्यायला सांगा, वर्षभरात त्याचीही सहाव्या वर्षीची दाढ यायला लागेल. ती पूर्ण वर आली की खाचा लगेच बंद करून घ्या.